लयीची मोजणी



महसूल खात्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाने व्यायामाच्या स्पर्धांविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. माझा संबंध आला तो जमिनीच्या मोजणीशी, शेताच्या बांधाशी आणि त्या बांधावरून होणाऱ्या भांडणांशी. पुढे अधिकार वाढला तसा माणसांच्या मोजणीशीही संबंध आला. कारण हाताखालच्या मंडळींच्या कामाचे वार्षिक गोपनीय अहवाल लिहिणे ही देखील एक मोजणीच असते. ही दोन्ही कामे मला जमतात, अशी माझी समजूत होती. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने एके संध्याकाळी मला एक प्रश्न विचारला आणि ती समजूत डळमळली. आजचे भाषण हे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

२०२४ सालच्या उन्हाळ्यात पॅरिस येथे ऑलिंपिक सामने झाले. त्यांतील लयबद्ध जिम्नॅस्टिकची स्पर्धा आमच्या घरी दूरदर्शन संचावर पाहण्यात आली. जर्मनीच्या दार्या वार्फोलोमेयेव हिने त्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. तिच्या हातातील ती लांबच लांब रेशमी फीत हवेत सापासारखी वळवळत होती, मध्येच चक्र होत होती, मध्येच पाण्यावरच्या तरंगासारखी पसरत होती. दुसऱ्या दिवशी आमच्या मुलीने आईच्या जुन्या साडीचा काठ कापून एका काठीला बांधला आणि दिवाणखान्यात तोच प्रयोग आरंभला. फीत पहिल्यांदा पंख्यात अडकली, नंतर देवघरातील समईत. शेवटी तिच्या आईने तिला अंगणात हाकलले. आमचे अंगण संध्याकाळनंतरच वापरता येते. त्यामुळे हा सराव दिवेलागणीनंतर चाले आणि शेजारची मंडळी गच्चीवरून तो पाहत.

पुढे शाळेत व्यायामशिक्षिकेने काही मुलींना हा प्रकार शिकवायला घेतला आणि वर्षाअखेर काही शाळांची मिळून एक छोटीशी स्पर्धा झाली. मी कचेरीतून रजा घेऊन गेलो होतो. मुलीने आपली कृती सुरू केली ती फार गोड. मात्र मध्यावर फितीला गाठ पडली. गाठ सोडवण्यात काही क्षण गेले, संगीत पुढे निघून गेले. पण तिने एक गोष्ट केली. हरवलेले ताल गाठण्यासाठी ती धावली नाही. संगीत जिथे होते तिथे ती शांतपणे जाऊन मिळाली आणि उरलेला भाग असा केला की माझ्या शेजारी बसलेल्या एका आजीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गुण जाहीर झाले तेव्हा तिचा क्रमांक खालून दुसरा होता.

घरी परतताना तिने विचारले, "बाबा, गाठ पडली त्याचे गुण गेले हे मला कळलं. पण त्यानंतर मी जे केलं ते सुंदर झालं की नाही, हे त्यांनी कशानं मोजलं?"

मी म्हणालो, "त्यांचे नियम असतात, बेटा." हे उत्तर मी कचेरीत दिवसातून दहा वेळा देतो. तिथे ते पुरते. त्या दिवशी मात्र ते पुरले नाही, हे तिच्या गप्प राहण्यावरून मला समजले. म्हणून ते नियम काय असतात, हे पाहण्याच्या मी मागे लागलो.

प्रथम या खेळाची जन्मकथा पाहू. एकोणिसाव्या शतकात स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी शास्त्रशुद्ध व्यायामाची एक पद्धत घातली. पुढे स्वित्झर्लंडच्या एमिल जाक-दालक्रोझ यांनी संगीताची लय शरीराच्या हालचालीतून शिकवण्याचा मार्ग काढला, आणि इसाडोरा डंकन हिने नृत्याला ठराविक पदन्यासांच्या बंधनातून मोकळे केले. व्यायाम, संगीत आणि नृत्य असे हे तीन प्रवाह एकत्र आले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्व युरोपात, विशेषतः सोव्हिएत संघात, त्यांतून स्त्रियांचा एक स्वतंत्र क्रीडाप्रकार घडला. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक महासंघाने १९६२ साली त्याला मान्यता दिली आणि १९६३ च्या डिसेंबरात हंगेरीच्या बुडापेस्ट नगरीत त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली. लुडमिला साविन्कोवा ही सोव्हिएत युवती पहिली जगज्जेती ठरली. योगायोग असा की, त्याच १९६३ साली आमच्या रायपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रवेश व्हायला मात्र १९८४ साल उजाडावे लागले. लॉस एंजेलिस येथे झालेल्या त्या सामन्यांवर सोव्हिएत गटातील बहुतेक देशांनी बहिष्कार घातला होता आणि पहिले सुवर्णपदक कॅनडाच्या लोरी फंग हिला मिळाले.

या खेळाची साधने पाच: दोरी, कडे, चेंडू, मुद्गलांची जोडी आणि फीत. त्यांतील मुद्गलांची गोष्ट आपल्याला मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपल्या तालमीत पैलवान जी जोडी फिरवतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज फौजेतील अधिकाऱ्यांनी पाहिली, उचलली आणि मायदेशी नेली. तेथे तिचे वजन उतरले, आकार सडपातळ झाला आणि नाव पडले 'इंडियन क्लब'. आज पॅरिसच्या किंवा टोकियोच्या गालिचावर एखादी तरुणी जे दीडशे ग्रॅम वजनाचे दोन नाजूक दांडे हवेत भिरकावते, त्यांचे मूळ कुळ आपल्या आखाड्यातले आहे. लेक सासरी जाऊन इतकी बदलावी की माहेरच्यांनी ओळखू नये, तशी ही कथा आहे.

आता नियम. तेरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद असा चौरस गालिचा. त्यावर एकटीने करावयाची कृती सव्वा ते दीड मिनिटाची. मोठ्या गटातील मुलींची फीत सहा मीटर लांब असते आणि कृती चालू असताना तिचे टोक निश्चल पडून राहता कामा नये. साधन हातातून निसटले आणि जागेवरच पुन्हा उचलता आले तर अर्धा गुण जातो. त्यासाठी एक-दोन पावले टाकावी लागली तर सात दशांश, तीन किंवा अधिक पावले टाकावी लागली तर पूर्ण एक गुण. चौकटीच्या रेषेबाहेर पाय गेला तर तीन दशांश. पंचांचे गटही वेगवेगळे. शरीराची आणि साधनाची करामत किती कठीण होती हे काहींनी पाहायचे, हातून काय चुकले हे दुसऱ्यांनी पाहायचे आणि त्या सगळ्याला कलेचे रूप आले की नाही हे तिसऱ्यांनी पाहायचे.

हे वाचताना मला आमच्या खात्याची नियमपुस्तिकाच वाचत असल्यासारखे वाटले आणि, खरे सांगतो, मनाला बरे वाटले. कारण नियमाची निंदा करणे सोपे असते. परंतु नियम नसता तर काय होते, हे सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला चांगले ठाऊक असते. नियम नसतो तेथे ओळख चालते. ज्याचे नाव माहीत आहे, ज्याचा देश मोठा आहे, ज्याचा गुरू प्रसिद्ध आहे, त्याच्याकडे नजर आपोआप कृपेने वळते. या खेळातही ते घडले आहे. पंचांच्या पात्रता-परीक्षांतच गैरप्रकार झाल्याचे आढळल्यावरून २०१३ साली आंतरराष्ट्रीय महासंघाला अनेक पंचांवर कारवाई करावी लागली होती. सौंदर्य पारखणाऱ्यांचीच पारख करण्याची वेळ आली! म्हणून अर्धा गुण, सात दशांश, तीन दशांश हा जो कोरडा हिशेब आहे तो अनोळखी मुलीचा कैवारी आहे. तिला कोणी ओळखत नसले तरी तिने रेषेबाहेर पाय टाकलेला नाही, हे कोणालाही नाकारता येत नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजू आहे. २०१६ साली रिओ येथील सामन्यांत रशियाची याना कुद्र्यावत्सेवा अंतिम फेरीत आघाडीवर होती. २०१३ पासून सलग तीन वर्षे ती जगज्जेती ठरलेली. मुद्गलांची कृती संपता संपता तिच्या हातून एक मुद्गल निसटला. इतकेच. सुवर्णपदक तिच्याच देशाच्या मार्गारिटा मामुन हिच्याकडे गेले. पुढच्या सामन्यांत, म्हणजे २०२१ साली भरलेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, उलटा प्रकार झाला. इस्रायलच्या लिनोय अश्राम हिच्या हातून शेवटच्या कृतीत फीत निसटली, तरीही सुवर्णपदक तिलाच मिळाले. दिना आव्हेरिना हिच्यापेक्षा तिचे गुण अवघ्या पंधरा शतांशांनी अधिक भरले. रशियाने आक्षेप घेतला, जगभर वाद झाला. एकीचा मुद्गल पडला आणि पदक गेले. दुसरीची फीत पडली आणि पदक राहिले. हिशेब दोन्ही वेळा नियमाप्रमाणेच केलेला होता. तरी पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उरतोच आणि तो प्रश्न माझ्या मुलीचाच आहे: यांनी नेमके काय मोजले?

या प्रश्नाचा विचार करीत असतानाच माझा नारायणपूरचा दौरा निघाला.

नारायणपूर रायपूरपासून दोनशेंहून अधिक किलोमीटरवर, बस्तरच्या मुलखात आहे. त्याच्या पलीकडे अबूझमाडचे डोंगर सुरू होतात. अबूझ म्हणजे ज्याचा बोध झालेला नाही असे. आमच्या खात्यात या प्रदेशाचे नाव दुसऱ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. येथील बहुतेक गावांची महसुली मोजणी अनेक दशके होऊ शकली नव्हती. नकाशा नाही, खसरा नाही, कोणाची जमीन किती याचा कागद नाही. राज्याच्या दृष्टीने ही माणसे होती, पण त्यांची नोंद नव्हती. त्यातच हिंसाचाराची लांब सावली या डोंगरांवर पडलेली.

अशा ठिकाणी छत्तीसगड पोलिसांच्या विशेष दलातील मनोज प्रसाद नावाच्या एका जवानाने आदिवासी मुलांना मल्लखांब शिकवायला आरंभ केला. अंबारी नाही, वाद्य नाही, गाजावाजा नाही. एक खांब आणि त्याभोवती मुले. त्या मुलांनी पुढे राष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळवली आणि २०२३ साली त्यांच्या पथकाने दूरचित्रवाणीवरील 'इंडियाज गॉट टॅलेंट' ही देशभर पाहिली जाणारी स्पर्धा जिंकली. अबूझमाड हे नाव त्या दिवशी लक्षावधी घरांत प्रथमच कौतुकाने उच्चारले गेले.

संध्याकाळी काम आटोपल्यावर मी गावातील काही मुलांना खांबावर खेळताना पाहिले. ती त्या प्रसिद्ध पथकातली नव्हती. पथकाचे पाहून शिकू लागलेली लहान मुले होती. एरंडेलाने तुळतुळीत झालेला तो खांब, त्यावर मावळतीचा प्रकाश आणि त्या प्रकाशात एक काळासावळा मुलगा अढी घालून उलटा चढत होता. त्याचे अंग खांबाला असे लपेटले होते की वेल कोठे संपते आणि झाड कोठे सुरू होते हे कळू नये. मी मराठी माणूस. मल्लखांब म्हणजे आपला, अशी माझी भावना. त्या मुलाला अढी आणि तेढी, दसरंग आणि सुईदोरा ही नावे कोठून आली हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी ती नावे त्याच्या अंगात आली होती.

मल्लखांबाचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. पुढे ही विद्या मागे पडली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. अली आणि गुलाब या दोन पैलवानांचे आव्हान, बाळंभटदादांची सप्तशृंगीच्या डोंगरावरील उपासना आणि तेथे त्यांना झालेला दृष्टांत, ही आख्यायिका आपण लहानपणी ऐकलेली असते. लाकडी खांबाबरोबर वेताचा मल्लखांब आला आणि चांगला वेत मिळेनासा झाल्यावर त्याची जागा दोरीने घेतली.

माझ्या आजोबांकडून मी याच इतिहासाचे आणखी एक पान ऐकले आहे. १९३६ साली ते अमरावतीस शिकत होते. १९१४ साली स्थापन झालेल्या तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक त्या वर्षी ऑलिंपिकच्या प्रसंगी बर्लिनला गेले आणि त्याने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखवली. ते पथक निघाले त्या दिवसांत गावात कसा उत्साह होता, हे आजोबा म्हातारपणीही रंगून सांगत. त्या काळी अमरावती आणि रायपूर एकाच प्रांतात होते. नागपूर ही दोहोंची राजधानी. आजोबांना सरकारी नोकरी लागली आणि बदली झाली ती रायपूरला. १९५६ ची राज्यपुनर्रचना झाली, वऱ्हाड एका बाजूला गेले, रायपूर दुसऱ्या बाजूला राहिले आणि आमचे घर येथेच रुजले. सीमा हलतात, माणसे राहतात. विद्या मात्र सीमा विचारीत नाही. अमरावतीहून बर्लिनला गेलेला मल्लखांब नारायणपूरच्या रानात पोहोचलेला मी डोळ्यांनी पाहिला, तेव्हा आजोबा हवे होते असे वाटले.

या मल्लखांबानेही आता मोजमापाच्या जगात पाऊल टाकले आहे. १९५८ साली दिल्लीतील राष्ट्रीय जिम्नॅस्टिक स्पर्धेच्या निमित्ताने तो स्पर्धेचा खेळ म्हणून पुढे आला. १९८१ साली उज्जैन येथे त्याची स्वतंत्र अखिल भारतीय स्पर्धा झाली. मध्यप्रदेशाने २०१३ मध्ये त्याला राज्यक्रीडेचा मान दिला. तोवर छत्तीसगड वेगळे होऊन बारा वर्षे लोटली होती. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी देशोदेशी हिंडून जी रोपे लावली होती, त्यांची फळे त्या मैदानावर दिसली. पंधरा देशांचे खेळाडू तेथे आले होते. देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, हे आपण जाणताच.

आता या दोन खेळांकडे एकत्र पाहा. बुडापेस्टची स्पर्धा १९६३ ची आणि शिवाजी पार्कची २०१९ ची. एक बहीण छपन्न वर्षांनी वडील. वडील बहिणीच्या अनुभवावरून धाकटीने काही शिकावे, असे मला वाटते आणि ते शिकण्यासाठी दोरीचे उदाहरण पुरेसे आहे.

लयबद्ध जिम्नॅस्टिकच्या पाच साधनांत दोरी होती, असे मी मघाशी म्हणालो. २०११ पासून मोठ्या गटाच्या वैयक्तिक स्पर्धेतून ती काढून टाकण्यात आली. ती फितीसारखी डोळ्यांत भरत नाही. कड्याला स्वतःचा आकार असतो, चेंडूला असतो, दोरीला नसतो. तिला आकार द्यावा लागतो, तो क्षणभर टिकतो आणि विरतो. ज्या जगात सर्व काही दुरून दिसले पाहिजे आणि चटकन मोजता आले पाहिजे, त्या जगात दोरीचा निभाव लागला नाही.

त्याच दोरीला आमच्या मल्लखांबाने जीव दिला. उंचावरून लोंबणारी, सुमारे साडेपाच मीटर लांबीची सुती दोरी. मुलगी पायाचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्या चिमटीत ती धरते आणि वर चढते. एकही गाठ न मारता, नुसत्या वेढ्यांच्या आधाराने, ती हवेत आसन घालून बसते. जिला स्वतःचा आकार नाही अशा वस्तूला येथे शरीर आकार देते आणि ती वस्तू त्याच शरीराला तोलून धरते. तिकडे जी दोरी निरुपयोगी ठरली, ती इकडे संपूर्ण खेळाचा आधार झाली. दोरी तीच होती. पाहण्याची रीत निराळी होती.

म्हणून मला थोडी काळजी वाटते. मल्लखांबाला जगाच्या व्यासपीठावर न्यायचे तर नियम हवेत, गुणपत्रिका हव्यात. त्याशिवाय नारायणपूरच्या मुलाला मुंबईच्या मुलाशेजारी उभे राहता येणार नाही. पण जे सहज मोजता येते तेच हळूहळू अधिक केले जाते, हा सर्व मोजमापांचा स्वभाव आहे. दीड मिनिटांत किती उड्या, किती आसने, हेच पाहिले जाऊ लागले की दोन आसनांच्या मधली ती संथ, वेलीसारखी सरकण कोण जपणार? तिला गुण नसतील तर ती शिकवली जाणार नाही. आणि शिकवली गेली नाही तर एक पिढी गेल्यावर ती कोणाला आठवणारही नाही.

वडील बहिणीला हा धोका अनुभवाने कळला आहे. करामतींची संख्या वाढली की नृत्य गुदमरते, अशी ओरड त्या खेळात वारंवार झाली आणि २०२२ च्या नव्या नियमांत कलेच्या पारखीला पूर्वीपेक्षा अधिक स्थान देण्यात आले. त्या महासंघाची एक प्रथा मला फार आवडली. प्रत्येक ऑलिंपिकनंतर, म्हणजे साधारणतः दर चार वर्षांनी, नियमपुस्तिका नव्याने लिहिली जाते. याचा अर्थ असा की, आपले माप अपुरे होते हे तो खेळ दर चार वर्षांनी स्वतःहून कबूल करतो. मापाने एवढी नम्रता दाखवली तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी.

येथे मला माझी स्वतःची एक कबुली द्यावयाची आहे.

माझ्या नोकरीच्या आरंभीची गोष्ट. एका तहसिलीत माझ्या हाताखाली एक वयस्क पटवारी होते. त्यांचे अक्षर आणि त्यांनी हाताने काढलेले गावनकाशे पाहत राहावे असे. नाला वळतो तेथे रेघ तशीच वळायची. झाड बांधाच्या अलीकडे की पलीकडे, हे ते पुन्हा जागेवर जाऊन पाहून येत. साहजिकच त्यांची प्रकरणे इतरांपेक्षा कमी निकालात निघत. वर्षाअखेर मी आकडे मांडले आणि त्यांच्या अहवालात एकच शब्द लिहिला: सर्वसाधारण. नियमाप्रमाणे तो बरोबर होता. एकही आकडा चुकीचा नव्हता. काही वर्षांनी मी अन्यत्र असताना कळले की, त्यांच्या हद्दीतील दोन भावांचा जुना वाद त्यांच्याच नकाशावरून कोर्टाबाहेर मिटला. त्यांच्या रेघेवर दोन्ही पक्षांचा विश्वास होता. तोवर ते बढती न मिळता निवृत्त झाले होते. पुढे त्यांना भेटण्याचे मी मनात आणले. पण तेही राहून गेले. ते गेल्याची बातमी मला एका लग्नात सहज बोलण्यातून समजली.

माझ्या मुलीने प्रश्न विचारला त्या संध्याकाळी मला ते पटवारी आठवले होते. म्हणूनच कदाचित मी "नियम असतात" एवढे म्हणून गप्प झालो. तिच्या पंचांवर मला रागावता येईना. कारण मी स्वतः तसाच पंच होतो आणि माझ्या कागदावर मोकळी जागा असताना मी एका शब्दावर थांबलो होतो. नियमाने मला सर्वसाधारण लिहायला लावले नव्हते. नियमाने मला फक्त आकडे विचारले होते. बाकीचे पाहण्यापासून त्याने मला अडवले नव्हते. मीच पाहिले नाही.

हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. माप चुकीचे नसते. माप म्हणजे सर्व काही, ही समजूत चुकीची असते. नकाशा काढावाच लागतो, नाही तर अबूझमाडच्या शेतकऱ्याला आपले शेत आपले म्हणून दाखवता येत नाही. पण नकाशा हातात आला म्हणजे रान समजले, असे होत नाही. गुण द्यावेच लागतात. ज्याला कोणी ओळखत नाही अशा मुलाचा तो एकमेव साक्षीदार असतो. पण गुण देऊन झाल्यावर पंचाने आणि प्रेक्षकाने घटकाभर कागद खाली ठेवावा आणि नुसते पाहावे. त्या आजीबाईंनी पदराने डोळे पुसले ते कोणत्याच रकान्यात बसणारे नव्हते. परंतु ते घडले होते आणि मी त्याला साक्षी होतो.

आपल्या मुलींसाठी हे विशेष सांगावेसे वाटते. लयबद्ध जिम्नॅस्टिकमध्ये ठाण्याच्या संयुक्ता काळे हिने २०२२ साली हरयाणात झालेल्या खेलो इंडिया स्पर्धेत पाचच्या पाच सुवर्णपदके मिळवली, तेव्हा मराठी घरांतून या खेळाकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली. तोवर "मुलीच्या जातीला हे कशाला?" असे विचारणारे लोक होते, अजूनही आहेत. त्यांना पदकाने उत्तर देता येते आणि ते द्यावेही. पण ज्या शंभर मुलींना पदक मिळणार नाही, त्यांच्या घरच्यांनी काय करावे? माझे सांगणे एवढेच आहे की, त्यांनी त्यांचे खेळणे पाहायला जावे, गुणफलकाकडे नव्हे तर तिच्याकडे पाहावे आणि घरी परतताना जे पाहिले ते तिला सांगावे. एवढे केले तरी तिची पुरेशी नोंद झाली असे होईल.

मी नारायणपूरहून परतलो त्या रात्री मुलगी जागी होती. मी तिला खांबावरच्या मुलाविषयी सांगितले, दोरीविषयी सांगितले. मग म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. गाठीनंतर तू जे केलंस ते त्यांनी मोजलं नाही. त्यांच्या कागदावर त्याला जागाच नव्हती. पण मी पाहिलं. तू धावली नाहीस. गाणं जिथे पोहोचलं होतं तिथे जाऊन मिळालीस. ते सुंदर होतं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मात्र यंदाचे गोपनीय अहवाल लिहायला बसलो तेव्हा प्रत्येक नावापुढे आकडे भरून झाल्यावर मी लेखणी थांबवली आणि त्या माणसाला काम करताना मी शेवटचे केव्हा पाहिले होते, हे आठवू लागलो. काही जणांच्या बाबतीत ते आठवेना. त्यांचे कागद मी बाजूला ठेवले आहेत. उद्यापासून त्यांच्या टेबलांपाशी जाऊन बसण्याचा माझा विचार आहे.